पाच वाजून सतरा मिनिटं

बास्केटबॉलच्या सामन्यात लोकांचं लक्ष खेळाडूंकडं असतं, खेळाडूंचं चेंडूकडं आणि पंचांचं खेळाडूंच्या पायांकडं. घड्याळाकडं बघणारा माणूस एकच, आणि तो मी. तीस-बत्तीस वर्षं सांगलीच्या एका शाळेत ड्रिल मास्तर होतो. सकाळी पोरांना रांगेत उभं करायचं, संध्याकाळी मैदानावर चुन्याची फक्की मारायची. पण सातारा-सांगलीकडं लोक मला ओळखत ते टाइमकीपर म्हणून. सामना कुठंही असो, रेघेबाहेर एक टेबल, टेबलावर घड्याळ आणि पितळी घंटा, आणि त्यामागं खटावकर मास्तर. संपादकांनी लिहिलं, "तुमच्या मैदानावरच्या गमती पाठवा." गमती आहेत, त्या आधी सांगतो. त्यानंतर जे सांगणार आहे ती गंमत नाही. ते वाचून लेख परत आला तरी माझी तक्रार नाही.

ज्यांनी हा खेळ बघितलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वीस मिनिटांचे दोन डाव, मध्ये विश्रांती. चेंडू रिंगमधून गेला की बास्केट झाली, तिचे दोन गुण. टेबलावर दोघं जण बसतात. टाइमकीपर वेळ बघतो, गुणलेखक वही लिहितो. बास्केट झाली की गुणलेखक विचारतो, "वेळ?" टाइमकीपर घड्याळात बघून मिनिट सांगतो, गुणलेखक गुणापुढं ते मांडतो. पंचाच्या शिट्टीनं खेळ मध्येच थांबला तर तेवढा वेळ मी कागदावर वेगळा टिपायचो आणि शेवटी वाढवून द्यायचो. वेळ भरली की घंटा. घंटेनंतर चेंडू हातातून सुटला तर देवानं टाकलेली बास्केटही धरत नाहीत.

आता त्या काळातली घड्याळं. स्टॉपवॉच म्हणजे नवलाईची वस्तू, आमच्या शाळेत एकच होतं. ते वर्षातले सहा महिने दुरुस्तीला पुण्यात असायचं, उरलेले सहा महिने हेडमास्तरांच्या कपाटात. म्हणून मिळेल ते घड्याळ टेबलावर यायचं. एकदा हेडमास्तरांच्या घरचं गजराचं घड्याळ आणलं. त्यांच्या मंडळींनी दुपारी गिरणीतून दळण आणायची आठवण म्हणून गजर लावून ठेवला होता, हे कुणाला ठाऊक? सामना रंगात आलेला आणि घड्याळ एकदम खणखणायला लागलं. दोन्ही संघांना वाटलं विश्रांती झाली. दहाही जण लिंबाच्या सरबताकडं पळाले, आणि चेंडू एकटाच मैदानात टप्पे खात राहिला.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत तर आणखी घोळ. सरकारनं घड्याळं तासभर पुढं ढकलली. कचेऱ्या नव्या टायमावर, आणि खेडोपाडी लोक जुन्यावर. कोरेगावला एका सामन्यासाठी चारची वेळ दिली. एक संघ नव्या चारला आला आणि समोर कुणी नाही म्हणून जिंकल्याची चिठ्ठी मागायला लागला. दुसरा संघ जुन्या चारला डुलत डुलत हजर. त्यांचा कप्तान माझ्यावरच चढला, "आवं मास्तर, सूर्य बगा की! चारच वाजल्यात. तुमचं सरकार सूर्याला बी पुडं ढकलतंय व्हय?" मी दोघांनाही शेंगा खायला बसवलं आणि पाचला, म्हणजे कुणाच्या तरी पाचला, सामना सुरू केला.

अशा वेळी काय करायचं, हे मला चांगलं ठाऊक होतं, एवढं सांगायला या गमती लिहिल्या. घड्याळ बंद पडलं, पुढं-मागं झालं, की टाइमकीपरनं तिथल्या तिथं घंटा वाजवून पंचाला बोलवायचं. खेळ थांबवायचा. लोक ओरडले तरी ओरडू द्यायचं. गुणलेखकाची वही उघडायची, शेवटच्या बास्केटपुढं कोणतं मिनिट आहे ते बघायचं, दोन्ही कप्तानांना जवळ बोलवून किती वेळ गेला असेल ते त्यांच्या देखत ठरवायचं. एकमत नाही झालं तर पंच सांगेल ते खरं. मग दुसरं घड्याळ लावून खेळ पुढं. पाच मिनिटांचं काम आहे. घड्याळ बंद पडण्यात टाइमकीपरची नाचक्की नसते, कारण घड्याळ हे यंत्र आहे. फक्त ते बंद पडलंय हे मोठ्यानं बोलायचं असतं.

स्वातंत्र्याच्या आदल्या हिवाळ्यात मी ते बोललो नाही.

सांगली आणि सातारा यांचा अंतिम सामना, विश्रामबागेच्या मैदानावर. दोन्ही गावांना न्याय मिळावा म्हणून टेबलावर एक माणूस इकडचा आणि एक तिकडचा, अशी आमची पद्धत. टाइमकीपर सांगलीचा, म्हणजे मी. गुणलेखक साताऱ्याकडचे मुलाणी मास्तर. मुलाणी मूळचे कोरेगावचे, साताऱ्याच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. अक्षर असं की वहीतला पाचचा आकडासुद्धा फ्रेम करून लावावा. सात-आठ वर्षं आम्ही एका टेबलाला बसत होतो. दर हिवाळ्यात ते माझ्या घरी कोरेगावचा घेवडा पाठवायचे आणि वर निरोप, "वैनींना सांगा, शिजाया वेळ लागतोय, तुमी घड्याळ लावून बसा."

स्टॉपवॉच नेहमीप्रमाणे पुण्याला गेलेलं. तेव्हा आमच्या शाळेच्या मंडळाचे अध्यक्ष, त्यांना सगळे रावसाहेब म्हणत, त्यांनी स्वतःचं साखळीचं सोन्याचं घड्याळ सामन्यासाठी दिलं. नुसतं दिलं नाही. नारळ फुटला, भोंग्यावरून जाहीर झालं, "आजचा सामना रावसाहेबांच्या घड्याळावर खेळला जाईल," टाळ्या पडल्या, आणि लाल मखमलीच्या तुकड्यावर ते माझ्यापुढं ठेवलं. हळदकुंकू वाहायचं तेवढं राहिलं. रावसाहेब म्हणाले, "मास्तर, चावी देऊन घ्या." मी आयुष्यात सोन्याच्या घड्याळाला हात लावलेला नव्हता. चावी जास्त दिली आणि आतली कमान तुटली तर? माझी कायमची नेमणूक त्याच महिन्यात मंडळापुढं यायची होती. मी पाच-सहा वेळा नाजूक हातानं चावी फिरवली आणि बस्स केलं.

दुसरा डाव घड्याळात बरोबर पाचला सुरू झाला. रावसाहेब माझ्या पाठीमागं खुर्चीत. सामना असा चुरशीचा की शेवटी शेवटी लोक रेघेवर आले. साताऱ्यानं बास्केट केली. मुलाणींनी विचारलं, "वेळ?" मी म्हणालो, "सतरा." थोड्या वेळानं आमच्या संघानं केली. "वेळ?" "सतरा." मग आमच्या एका गड्यानं धक्का दिला, साताऱ्याला एका गुणाचा फ्री थ्रो मिळाला, तो आत गेला. सातारा एकतीस, सांगली तीस. "वेळ?" मी घड्याळाकडं बघितलं आणि म्हणालो, "सतरा."

मुलाणींची पेन्सिल थांबली. त्यांनी घड्याळाकडं बघितलं, मग माझ्याकडं. सतरा लिहिलं.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सेकंदाचा बारीक काटा हलत नव्हता. किती वेळ बंद होतं कुणास ठाऊक, दोन मिनिटं तरी असेल. माझ्या पाचावर धारण बसली. हात घंटेकडं गेला होता, हे मी शपथेवर सांगतो. पण घंटा वाजवली की पंच येणार, विचारणार काय झालं, आणि मला भोंग्यासमोर, सगळ्या गावासमोर म्हणावं लागणार की रावसाहेबांचं घड्याळ बंद पडलं. वर हेही निघणार की चावी मीच दिली होती. मी हात मागं घेतला. घड्याळ टेबलाखाली नेलं, चावी फिरवली, टिकटिक ऐकू आली आणि ते पुन्हा मखमलीवर ठेवलं. काटा सतरावरून पुढं चालायला लागला, आणि गेलेली मिनिटं मी खेळाडूंना फुकट देऊन टाकली.

आमचा संघ एका गुणानं मागं आहे हे त्या क्षणी माझ्या ध्यानात नव्हतं, असं लिहायला घेतलं होतं. खोडलं. ध्यानात होतं.

प्रेक्षकांतले साताऱ्याचे एक वकील मनगटावरचं घड्याळ दाखवत ओरडत होते, "वेळ संपली! घंटा द्या!" पण हरायला आलेल्या आणि जिंकायला आलेल्या दोन्ही बाजू नेहमी ओरडतातच, त्यामुळं पंचानं लक्ष दिलं नाही. मी मान खाली घालून काट्याकडं बघत राहिलो. त्या फुकटच्या मिनिटांत आमच्या उंच पोरानं रिंगखालून चेंडू टाकला. बत्तीस-एकतीस. मग मी घंटा वाजवली. लोकांनी पोरांना खांद्यावर घेतलं. माझ्या गळ्यातही एक हार पडला.

साताऱ्यानं तक्रार नोंदवली. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये तिघांची समिती बसली, रावसाहेब मधल्या खुर्चीत. गुणांची वही उघडली. तीन ओळींपुढं सतरा, सतरा, सतरा.

"मुलाणी, एका मिनिटात एवढं सगळं झालं?" समितीतल्या एकानं विचारलं.

"जी, मिनिट खटावकर मास्तर सांगत्यात, मी लिवतो. त्यांनी सांगितलं ते लिवलंय," मुलाणी म्हणाले.

रावसाहेबांनी माझ्याकडं बघितलं. "घड्याळ नीट चालू होतं ना, मास्तर?"

त्यांच्या जाकिटाच्या खिशातून साखळी लोंबत होती. मी म्हणालो, "होय साहेब. अगदी नीट."

"मग हे तीन सतरा?"

"मी सतरा, अठरा, अठरा असं सांगितलं होतं. लिहायच्या घाईत मुलाणी मास्तरांची चूक झाली असावी."

हे वाक्य मी घरून तयार करून नेलेलं नव्हतं. तोंडातून आपोआप आलं, आणि इतक्या सहज आलं की माझं मलाच नवल वाटलं. मुलाणी माझ्याकडं बघत राहिले. आता हे काहीतरी बोलतील, टेबलाखाली काय झालं ते सांगतील, असं मला वाटलं. ते बोलले नाहीत. समितीनं लिहिलं, गुणलेखकाच्या नोंदी भरवशाच्या नाहीत, सबब तक्रार फेटाळण्यात येते. ज्या वहीनं सातारकरांना न्याय मिळायचा, तीच मी खोटी ठरवली होती.

पुढं मुलाणींचं काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. साताऱ्यात लोक म्हणाले, आपल्याच माणसानं आपली तक्रार बुडवली. शाळेत पोरं त्यांच्या फळ्यावर आधीच १७ लिहून ठेवायची. वर्गात कुणी किती वाजले विचारलं की मागच्या बाकावरून उत्तर यायचं, "सतरा!" गुणलेखकांच्या यादीतून त्यांचं नाव गेलं. ते वर्षही वाईट होतं. रोज कुठल्या ना कुठल्या गावच्या दंग्याची बातमी यायची. त्यांच्या वहीचा आणि त्यांच्या नमाजाचा संबंध जोडणारेही दोन-चार जण निघाले. तसे लोक असतातच, पण त्यांच्या हातात दगड मी दिला होता. वर्षाच्या आत मुलाणींनी शाळा सोडली, कोरेगावला गेले आणि दुकानांच्या पाट्या रंगवायला लागले. इकडं माझी नेमणूक कायम झाली.

सामन्यानंतर महिन्याभरानं रावसाहेब शाळेत आले होते. खिशातून तेच घड्याळ काढून कानाला लावत म्हणाले, "मेलं पुन्हा थांबलं बघा. वर्षभर असंच करतंय. परवा माझी गाडी चुकवली यानं. मास्तर, तुमच्या सामन्यात चाललं हे नवलच म्हणायचं!" आणि मोठ्यानं हसले. आसपासचे चार शिक्षकही हसले. तेव्हा तरी म्हणायचं होतं, नाही साहेब, नव्हतं चाललं. त्यांनी ते हसण्यावारी नेलं असतं. माझं काही गेलं नसतं, आणि मुलाणींचं सगळं परत आलं असतं. मी काय केलं? मीही हसलो.

पुढं माझं नाव झालं. नव्या पंचांच्या शिबिरांत मला शिकवायला बोलवू लागले. घड्याळ बंद पडलं तर काय करायचं हा माझा हुकमी तास. घंटा वाजवा, खेळ थांबवा, मोठ्यानं सांगा. एकदा साताऱ्याच्या शिबिरात एका तरुण शिक्षकानं विचारलं, "सर, असं खरंच कधी झालंय?" मी म्हणालो, "झालंय म्हणे कुठंतरी." त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी उठून कोरेगावला गेलो.

मुलाणी बाजारपेठेत एका कापडवाल्याची पाटी रंगवत बसले होते. केस पिकलेले, अक्षर तेच. मला बघून उठले, बसायला पोतं अंथरलं, चहा मागवला. मी सगळं सांगितलं. कमान, चावी, टेबलाखालचा हात, समितीसमोरचं वाक्य. ते ऐकत ऐकत एक अक्षर भरत होते.

"मला ठावं हाय की," ते म्हणाले. "काटा थांबल्याला मी तुमच्या आदी बगितला."

"मग बोलला का नाहीत?"

"घड्याळ बगून बोलायचं काम तुमचं. मी तितं वरडलो असतो तर काय झालं असतं? सातारकर हाय म्हणून वरडला, असं म्हनले असते. म्हटलं, खटावकर मास्तर हायत, आत्ता घंटा मारतील."

"आणि समितीपुढं?"

त्यांनी कुंचला डब्यात ठेवला. "तितं तुमी माझ्या तोंडावर खोटं बोलाल, असं सपनात बी न्हवतं. वाचाच बसली माझी. नंतर म्हटलं, आता माझं कोन ऐकतंय?"

मी त्यांची माफी मागितली. त्यांनी मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून, मला कळलं नाही. "मला सांगून काय व्हनार, मास्तर? मला तर ठावंच हाय. ज्यांना ठावं न्हाई त्यांना सांगा. साताऱ्यात जाऊन सांगा."

मी म्हणालो, "जातो. आजच जातो." आणि स्टेशनवर येऊन मिरजेच्या, म्हणजे घराकडच्या गाडीत बसलो.

त्यानंतर मी दर वर्षी त्यांना ईदेला पत्र पाठवायचो. दोनदा घरी जाऊन आलो. साताऱ्याचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. मी त्याचा अर्थ माझ्या सोयीचा लावला. वाटलं, विसरले.

गेल्या वर्षी मुलाणी गेले. भेटायला म्हणून कोरेगावला गेलो. त्यांचा मुलगा इस्माईल आता चाळिशीचा, मामलेदार कचेरीत कारकून आहे. आलेल्या मंडळींना त्यानं माझी ओळख करून दिली. "हे खटावकर मास्तर. अब्बांच्या शेजारी टेबलावर बसायचे." एक म्हातारे सातारकर लगेच म्हणाले, "म्हंजे त्या सतरावाल्या मॅचला?" दोघं-तिघं गालात हसले. दुःखाचं घर असल्यानं लगेच गप्प झाले.

निघताना इस्माईल दारापर्यंत आला. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, "चाचा, अब्बांच्या हातून त्या दिवशी चूक झाली. सगळ्यांनी त्यांना सोडलं. तुमी तेवढं सोडलं न्हाई. आमच्या घरात तुमचं नाव लय आदरानं घेत्यात."

मुलाणींनी घरातसुद्धा सांगितलं नव्हतं. ते मी सांगायचं होतं, म्हणून त्यांनी माझ्यासाठी राखून ठेवलं होतं. आणि मी काय केलं? इस्माईलच्या खांद्यावर हात ठेवला, "सांभाळून राहा रे," म्हणालो आणि पायऱ्या उतरलो.

समितीतलं आता कुणी हयात नाही. रावसाहेब केव्हाच गेले. त्या सामन्यातली पोरं आजोबा झाली असतील. हा अंक मी साताऱ्याच्या वाचनालयाला पाठवायला सांगितलं आहे आणि एक प्रत कोरेगावला इस्माईलच्या नावानं.

इस्माईल, तुझ्या अब्बांची चूक झाली नव्हती. घड्याळ बंद होतं. मी तीन वेळा सतरा सांगितलं, आणि त्यांनी तीन वेळा सतरा लिहिलं.